११ डिसेंबर : रविवारची रात्र की सोमवारची पहाट?

दिनविशेष लिहिणाऱ्या माणसाचं एक बरं असतं. तारीख ठरलेली असते, चौकट आखलेली असते, आत काय भरायचं एवढंच बघायचं. शाळेत असताना फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘आजचा दिनविशेष’ लिहायचं काम वर्षभर माझ्याकडे होतं. तेव्हापासून माझी समजूत अशी, की तारीख म्हणजे खण पाडलेला मसाल्याचा डबा. जिऱ्याच्या खणात जिरं आणि मोहरीच्या खणात मोहरी.

११ डिसेंबरवर लिहायला बसलो आणि या समजुतीला तडा गेला. पहिलीच नोंद अर्थातच कोयनेच्या भूकंपाची होती. साताऱ्याकडच्या माणसाला ११ डिसेंबर म्हटलं की दुसरं काही आठवतच नाही. पाटण-कऱ्हाडकडची जुनी माणसं अजूनही वयाचा हिशेब ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपाच्या नंतर’ असा मांडतात. माझी आत्या पाटणच्या वरच्या अंगाला एका वाडीत दिलेली. तिच्याकडून खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, “आत्या, १९६७ चा डिसेंबर, अकरा तारीख, सोमवारची पहाट. बरोबर ना?”

“आरं, सोमवार कुठला? कोंबडं बी आरवलं न्हवतं. रविवारचीच रात ती.”

मी मनात म्हटलं, म्हातारीचा घोळ होतोय. कॅलेंडर काढून पाहिलं. ११ डिसेंबर १९६७, सोमवार. वेळ पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. झालं, विषय मिटला. तरीही आत्याचं वाक्य डोक्यात राहिलं, आणि पुढे कळलं की घोळ माझाच होता. पण आधी ती रात्र बघू.

मार्गशीर्षातला शुक्ल पक्ष होता, पण चंद्र केव्हाच मावळून गेलेला. थंडी मरणाची. आत्या दळायला उठलेली, म्हणून वाचली, असं तिचं म्हणणं. आधी मांडणीवरची भांडी वाजली. मांजर असेल म्हणून तिनं नुसतं हाड् केलं. मग गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली. आणि मग जमिनीखालून मोठा ट्रक जावा तसा आवाज आला आणि ओटीची भिंत बाहेरच्या बाजूला बसली. ती ‘पडली’ म्हणत नाही, ‘बसली’ म्हणते. भिंती दगड-मातीच्या, त्यांच्यावर लाकडाचं जड आढं. अशी घरं झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे १८० माणसं गेली आणि दोन हजारांहून अधिक जखमी झाली. कोयनानगरची वसाहत जवळजवळ जमीनदोस्त झाली. मुंबई-पुण्यातली माणसं अंथरुणातून उठून रस्त्यावर आली. कोयनेची वीज थांबल्यानं मुंबईकडचे कारखानेही थंडावले.

भूकंपाची तीव्रता रिश्टर मापनावर ६.३ च्या आसपास होती. हा आकडा हिमालयात कुणाला फार मोठा वाटणार नाही. पण दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, थंड, हलणार नाही अशी जमीन, हे त्या काळी सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. भूकंपाच्या नकाशात हा भाग जवळपास निर्धोक गणला जाई. १९७० मध्ये नकाशा सुधारला तेव्हा कोयना थेट चौथ्या क्षेत्रात गेली.

धरणाच्या एका गॅलरीत जमिनीचा धक्का नोंदवणारं यंत्र बसवलेलं होतं, आणि ते त्या रात्री चालू होतं. धरणाच्या लांबीच्या दिशेनं धक्का किती बसला, तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६३ टक्के. धरणाचा आराखडा करताना आडवा धक्का धरला होता ५ टक्के. एवढा फरक असूनही १०३ मीटर उंचीचं ते धरण उभं राहिलं. पाठीकडचा उतार जिथे एकदम बदलतो, साधारण त्या उंचीवर काही भागांत आडवे तडे गेले. नंतर त्या भागांना मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. या धरणाची आणि त्या रात्रीच्या नोंदीची पुढे जगभर पारायणं झाली. काँक्रीटचं धरण भूकंपात कसं वागतं हे संगणकावर शिकायचं तर विद्यार्थ्याला आजही बहुधा पहिलं उदाहरण कोयनेचंच देतात. ज्याला हेळवाक कुठे आणि कुंभार्ली घाट कुठे हे ठाऊक नाही, असा कुठल्या तरी देशातला पोरगा आत्ता या क्षणी आपल्या संगणकावर कोयना धरण हलवत बसला असेल.

भूकंप आला कशानं? गावात तेव्हापासून एकच उत्तर आहे, धरणानं. शास्त्रज्ञांचं उत्तर त्याच्या बरंच जवळ जातं, पण तेच नाही. धरणाच्या जलाशयात, शिवाजीसागरात, १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि लगेच छोटे-छोटे धक्के सुरू झाले. १९६७ च्या पावसाळ्यात जलाशय भरला आणि पाण्याची पातळी आधीच्या वर्षांपेक्षा जास्त दिवस वर टिकली. सप्टेंबरात एक बरा मोठा धक्का येऊन गेला, आणि डिसेंबरात हा.

स्वयंपाकघरात पाहिलेली एक गोष्ट आठवा. ओल्या ओट्यावर गरम आमटीचं पातेलं ठेवलं की कधी कधी ते कुणी हात न लावता सर्रकन पुढे सरकतं. बुडाखाली कोंडलेली हवा आणि पाणी त्याचा थोडा भार उचलून धरतात. मग घर्षण कमी होतं आणि ओट्याला जरा उतार असला तरी पातेलं चालू लागतं. कोयनेच्या पोटात जुन्या भेगा आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक फार पूर्वीपासून एकमेकांना रेटत उभे आहेत. जलाशयाचा भार आला, शिवाय पाणी भेगांतून झिरपत खाली गेलं आणि तिथला दाब वाढला. जे खडक घर्षणानं एकमेकांना धरून होते त्यांची पकड सैल झाली. ओट्याचा उतार आधीचाच होता, पाण्यानं फक्त पातेलं सोडलं. म्हणूनच भूभौतिकशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांच्यासारखे या विषयात आयुष्य घालवलेले अभ्यासक ‘धरणानं घडवलेला भूकंप’ असं न म्हणता ‘जलाशयानं चेतवलेला भूकंप’ म्हणतात. जगात अशा प्रकारचा नोंदला गेलेला सर्वांत मोठा भूकंप हाच.

आता आत्याकडे वळतो.

भूकंपांच्या आंतरराष्ट्रीय यादीत मी ११ डिसेंबर १९६७ शोधला. कोयना नाही. वर्ष चुकलं का म्हणून पुन्हा पाहिलं. मग एक ओळ वर नजर गेली. कोयना, १० डिसेंबर १९६७, रात्री २२ वाजून ५१ मिनिटं.

भूकंपशास्त्र ग्रीनिचच्या वेळेवर चालतं. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. पहाटेच्या ४.२१ मधून साडेपाच तास वजा केले की आपण मध्यरात्र ओलांडून आदल्या दिवसात जातो. म्हणजे जगाच्या दफ्तरात कोयनेचा भूकंप १० डिसेंबरचा, आणि १० डिसेंबर १९६७ ला वार होता रविवार.

आत्यानं ग्रीनिचचं नावही ऐकलेलं नाही. ती वेगळ्याच वाटेनं रविवारी पोचली होती. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला सुरू होतो आणि दुसऱ्या सूर्योदयाला संपतो. मध्यरात्रीशी त्याला काही देणं-घेणं नाही. पाटणला डिसेंबरात सूर्य उगवतो सात वाजायच्या सुमाराला. त्याआधी घडलेलं सगळं आदल्या वारात जमा. तेव्हा पंचांगानं रविवार आणि ग्रीनिचनंही रविवार. सोमवार म्हणणारे आम्ही मधलेच, मध्यरात्रीला बारा ठोके मोजणारे. एवढ्यावरही भागत नाही. सरकारी राजपत्रावर जी भारतीय सौर तारीख छापतात, तिच्या हिशेबात तो दिवस अग्रहायण २०, शके १८८९.

हे कळल्यावर मी या तारखेच्या बाकीच्या नोंदींकडे संशयानं बघू लागलो. संशय खरा निघाला. ११ डिसेंबरच्या खणात भरलेल्या बऱ्याच वस्तू कडेवर बसलेल्या आहेत, एक पाय आत, एक पाय बाहेर.

सर्वांत गंमत आहे ती इंग्लंडच्या आठव्या एडवर्डची. हा राजा आपल्याकडे येऊन गेलेला. १९२१ च्या नोव्हेंबरात युवराज असताना तो मुंबईला उतरला. शहरात बहिष्कार, दंगल, गोळीबार झाला. त्याच दौऱ्यात पुण्यात शाहू महाराजांच्या पुढाकारानं उभ्या राहणाऱ्या शिवस्मारकाची कोनशिला त्याच्या हस्ते बसली. पुढे राजा झाल्यावर त्यानं वॉलिस सिम्प्सन या घटस्फोटित अमेरिकन बाईसाठी गादी सोडली. १० डिसेंबर १९३६ ला तीन भावांच्या साक्षीनं सही केली, ११ तारखेला दुपारी ब्रिटिश संसदेचा कायदा मंजूर झाला आणि ३२६ दिवसांची कारकीर्द संपली. हे लंडनपुरतं. दक्षिण आफ्रिकेनं पुढे कायदा करून सांगितलं, की आमच्याकडे तो १० तारखेलाच, सही केली त्या क्षणी, पायउतार झाला. आयर्लंडच्या संसदेनं आपला कायदा केला १२ तारखेला, म्हणजे तिथे तो एक दिवस जास्त राजा राहिला. माणूस एक, राजीनामा एक, आणि गादी सुटल्याच्या तारखा तीन! मधल्या काळात साम्राज्यात एकाच वेळी दोन राजे होते म्हणायचे.

हा घोळ शक्य झाला तो ज्या कायद्यामुळे, तो ‘वेस्टमिन्स्टरचा कायदा’ मंजूर झाला ११ डिसेंबर १९३१ ला. बरोबर पाच वर्षं आधी, याच तारखेला. स्वायत्त वसाहतींच्या संसदांना आपापले कायदे करायची मोकळीक त्यानं दिली, आणि त्यांनी ती वापरली. भारत त्या वसाहतींत मोडत नव्हता, त्यामुळे आपला सम्राट निमूटपणे लंडनच्या तारखेनं गेला.

त्या रात्री दहा वाजता एडवर्डनं रेडिओवरून निरोपाचं भाषण केलं. भारतात तेव्हा १२ तारखेची पहाट, साडेतीन. मुंबईत मात्र कुठल्या घड्याळात पाहता त्यावर होतं. देशाची एक वेळ १९०६ पासून ठरलेली असूनही मुंबईत ३९ मिनिटं मागे चालणारी ‘बॉम्बे टाइम’ बरीच वर्षं हट्टानं टिकून होती, ती अखेर १९५५ मध्ये गेली. त्या घड्याळात तीन वाजायला नऊ मिनिटं कमी होती.

कोयनेनंतर बरोबर पाच वर्षांनी अपोलो १७ चंद्रावर उतरलं. ११ डिसेंबर १९७२. युजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट. त्यांच्यानंतर आजवर चंद्रावर कुणाचं पाऊल पडलेलं नाही. श्मिट हा चंद्रावर गेलेला एकमेव व्यावसायिक भूशास्त्रज्ञ. ते उतरले त्या टॉरस-लिट्रो दरीचा तळ बेसाल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातकुळीचा काळा लाव्हा. त्यांनी तिथे जमिनीची थरथर टिपणारी यंत्रं मांडली, लहान-लहान स्फोटकं पेरली आणि ती परत निघाल्यावर दुरून उडवली. उत्तर आलं, लाव्ह्याचा थर किलोमीटरहून अधिक जाड आहे. कोयनेखालच्या बेसाल्टची जाडी सुमारे सव्वा किलोमीटर. भूकंपाच्या पाचव्या स्मृतिदिनी चंद्राची नाडी बघायला माणूस काळ्या दगडावर उतरला, असं वाक्य मी उत्साहानं लिहून टाकलं होतं.

मग घड्याळ काढलं. यान उतरलं ग्रीनिचच्या वेळेनुसार संध्याकाळी आठला पाच-सहा मिनिटं कमी असताना. भारतात तेव्हा रात्रीचा जवळजवळ दीड वाजलेला, तारीख १२. म्हणजे भारताच्या घड्याळानं कोयना ११ ची आणि चंद्र १२ चा. ग्रीनिचच्या घड्याळानं कोयना १० ची आणि चंद्र ११ चा. दोन्ही एकाच तारखेला बसवायचे तर तिसरीकडे जावं लागतं. मॉस्को किंवा नैरोबीच्या घड्याळात मात्र दोन्ही ११ डिसेंबरलाच पडतात. मी ते वाक्य खोडलं नाही. त्याच्यापुढे समासात ‘नैरोबीप्रमाणे’ एवढंच लिहिलं.

पंडित रविशंकर गेले ते ११ डिसेंबर २०१२ ला, कॅलिफोर्नियात, दुपार कलल्यावर. त्यांच्या देशात तोवर दुसरा दिवस उजाडत होता. ज्या १२-१२-१२ या आकड्याचं लोकांना इतकं कौतुक होतं, त्या सकाळी रेडिओ-टीव्हीनं बातमी दिली. एम. एस. सुब्बुलक्ष्मी मात्र २००४ मध्ये चेन्नईत, आपल्याच घड्याळात, निखळ ११ डिसेंबरला गेल्या. एका रकान्यात ही दोन नावं शेजारी छापतात. घड्याळाचा काटा कुणी बघत नाही, आणि बघूही नये कदाचित.

जन्मांच्या बाबतीत मी फार खोलात गेलो नाही. ज्या काळात गावोगाव घड्याळच नव्हतं त्या काळातल्या बाळाची मिनिटं मोजण्यात अर्थ नाही. १८८२ च्या ११ डिसेंबरला तमिळनाडूतल्या एट्टयपुरम इथे सुब्रमण्य भारती जन्मले आणि त्याच दिवशी जर्मनीतल्या ब्रेस्लाऊमध्ये माक्स बोर्न. एक तमिळचा महाकवी, दुसरा पुंज भौतिकीतला नोबेलचा मानकरी. भारतींच्या नावानं हा दिवस आता ‘भारतीय भाषा दिवस’ म्हणून पाळतात. बोर्नही हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडल्यावर सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बंगळूरला शिकवायला होता, पण तोवर भारतींना जाऊन चौदा वर्षं झाली होती.

रॉबर्ट कॉखचा जन्म १८४३ चा. क्षयाचा जंतू शोधणारा हा माणूस १८९७ मध्ये मुंबईत आलेला, प्लेगचा अभ्यास करायला, ज्या प्लेगनं निम्मं शहर गावाकडे पळवलं होतं. त्याला नोबेल मिळालं १९०५ साली. पारितोषिकाचा समारंभ १० डिसेंबरला आणि व्याख्यान १२ ला. मधला दिवस त्याचा वाढदिवस, त्याला बासष्ट वर्षं पुरी झाली. स्टॉकहोममध्ये त्या दिवशी त्याला कुणी केक कापायला लावला का, माहीत नाही.

दिलीपकुमारांच्या नोंदीची तुम्ही वाट बघत असणारच. युसूफ खान, पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजाराजवळ, १९२२. वडील फळांचे व्यापारी, धंद्यासाठी आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत आलेले. युसूफ तिथल्या शाळेत शिकला. घरात वडिलांशी बिनसल्यावर पुण्याला आला आणि लष्कराच्या कँटीनमध्ये कामाला लागला. त्यानं तिथे विकलेल्या सँडविचचे किस्से लष्कर भागातली जुनी मंडळी स्वतः खाल्ल्यासारखे सांगत. ‘ज्वार भाटा’ आला १९४४ मध्ये.

आणखी एक नोंद राहिली. ११ डिसेंबर १९४६. दिल्लीत संविधान सभेनं राजेंद्रप्रसाद यांना आपले कायमचे अध्यक्ष निवडलं. त्याच तारखेला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मुलांसाठी निधी उभारला, तो ‘युनिसेफ’. दिल्लीत टाळ्या पडल्या तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्र होती. तिथला ठराव झाला तोवर दिल्ली झोपली असेल, किंवा १२ तारीख लागली असेल. सुरुवातीला हा निधी युद्धानं होरपळलेल्या युरोपातल्या पोरांपुरता आणि तात्पुरता होता. १९५३ मध्ये तो कायम झाला, नावातले ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘आणीबाणी’ हे शब्द गळाले. जुन्या नावाची आद्याक्षरं मात्र तशीच राहिली, म्हणून आजही युनिसेफच म्हणतात.

हिशेब करायची खोड लागल्यावर आणखी एक आकडा काढला. पॅसिफिकमधल्या किरिबाती देशाच्या पूर्वेकडच्या बेटांवर ११ डिसेंबर सर्वांत आधी उगवतो. तिथून निघून तारीख-रेषेच्या पलीकडच्या निर्जन बेटांवर तो मावळेपर्यंत ५० तास जातात. म्हणजे चोवीस तासांचा म्हणून जो दिवस आपण पाळतो, तो पृथ्वीवर कुठे ना कुठे दोन दिवसांहून जास्त मुक्काम करून असतो. एवढ्या अवधीत कुणाचंही काहीही घडू शकतं.

आत्याला हे सगळं सांगायला गेलो. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “मंजी मी म्हनत हुते त्येच ना?” आणि चहा टाकायला उठली. तिच्या ओटीची ती भिंत नंतर विटा-सिमेंटची बांधली. बाकीचं घर दगड-मातीचंच आहे.

कोयनेतले धक्के थांबलेले नाहीत. पुढे वारणेचा जलाशय भरल्यावर त्यांचा रोख दक्षिणेकडेही सरकला. पाटण तालुक्यातल्या गोठणे गावाजवळ शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर पाडलं. सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर त्यांना सरळ ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. या कामासाठी कऱ्हाडला प्रयोगशाळा आहे. भूकंपमापकांची घड्याळं सगळ्या जगात लावतात तशीच इथेही ग्रीनिचच्या वेळेला लावलेली असतात. त्यांच्यात नवी तारीख लागते ती आपल्या पहाटे साडेपाचला.